नंबरकाकांची फोकल लेंथ

"सफरचंद कुणी खाल्लं?" नंबरकाकांनी विचारलं.

घरात उत्तर देण्याजोगी दोनच माणसं होती. काकू वॉशिंग मशीनवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवून उभ्या उभ्या गणिताचे पेपर तपासत होत्या आणि काकांच्या आई पलंगावर मांडीत ताट घेऊन जेवत होत्या. जेवणाचं टेबल खोलीच्या मधोमध होतं, पण त्यावर जेवायला, पेपर तपासायला, इतकंच काय कोपर टेकायलाही गेला आठवडाभर बंदी होती. टेबलावर एक किटली, एक लिंबू, कान तुटलेला एक कप आणि अर्धं सफरचंद अशी मंडळी बसली होती.

"अर्धंच खाल्लं," आई म्हणाल्या. "आणि खाल्लेली बाजू भिंतीकडे करून ठेवली. फोटोत काय कळतंय?"

"आई, फोटो चालू होता! भोक उघडं होतं!"

"एवढंसं ते भोक. उघडं की बंद, मला म्हातारीला काय कळणार? आणि सकाळपासून ते सफरचंद माझ्याकडे बघत होतं. मी तरी किती दुर्लक्ष करू?"

काका मटकन खुर्चीत बसले. खुर्ची टेबलावर आपटली, टेबल हललं आणि लिंबू घरंगळत कपाला जाऊन टेकलं. काकूंनी पेपरमधून मान वर न काढता विचारलं, "लिंबू मी घेऊ का मग? नाहीतरी हाही फोटो गेलाच आहे."

काकांनी लिंबू उचलून पुन्हा त्याच्या जागी ठेवलं. रविवार परवावर येऊन ठेपला होता आणि फोटो तर सोडाच, फोटो कोणत्या डब्यातून काढायचा तेसुद्धा अजून ठरलं नव्हतं.

नंबरकाका म्हणजे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारे काका. आसपासच्या निम्म्या नाकांवर त्यांनी दिलेल्या नंबरचे चष्मे होते, म्हणून हे नाव. माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यांवर ती जड चौकट चढवायची, एकामागून एक काचा सरकवायच्या आणि विचारायचं, "हे बरं दिसतं, की हे?" उभा जन्म या एका प्रश्नावर गेला. उत्तर द्यायची वेळ मात्र त्यांच्यावर कधी आली नव्हती, कारण उत्तर खुर्चीतल्या माणसाने द्यायचं असतं. घरीसुद्धा पडदे काकूंनी निवडले, फरशी काकूंनी निवडली आणि खरं सांगायचं तर नवराही काकूंनीच निवडला होता. काका नुसते "बरं" म्हणाले होते.

काकांना नाद एकच, फोटोंचा. छायाचित्र मंडळाचे ते जुने सभासद. दरवर्षी मंडळाचं प्रदर्शन भरे आणि दरवर्षी काका तिथे खुर्च्या लावत, खिळे ठोकत, फ्रेमा पुसत. त्यांचा स्वतःचा फोटो भिंतीवर कधी लागला नाही, कारण कोणता द्यावा हे ठरेपर्यंत मुदत टळून जाई. या वर्षी मंडळाच्या अध्यक्षांनी नवीनच टूम काढली. भिंग नसलेल्या कॅमेऱ्याने, म्हणजे पिनहोलने, मांडून ठेवलेल्या वस्तूंचं स्थिरचित्र काढायचं. भर सभेत ते म्हणाले, "आमच्या नंबरकाकांची पंचाईत झाली! भिंगाशिवाय त्यांना घरचं दारसुद्धा सापडत नाही!" सगळे हसले. काकाही हसले. मग काय संचारलं कोण जाणे, ते उभे राहून म्हणाले, "मी देतो फोटो." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अध्यक्षांनी लगेच दाराजवळची एक जागा त्यांच्या नावावर केली आणि नावाची पाटीसुद्धा छापून घेतली. रविवारी संध्याकाळपर्यंत फोटो आला नाही, तर पाटी काढून टाकायची. इकडे आईंनी सगळ्या इमारतीत सांगितलं, की आमच्याचा फोटो भिंतीवर लागणार आहे. "आपल्या घरातली माणसं भिंतीवर लागतात ती मेल्यावरच," त्या काकांना म्हणाल्या. "तू तरी जिवंतपणी काहीतरी लाव रे. माझे डोळे आहेत तोवर." त्या रात्रीपासून काकांची झोप उडाली.

आता पिनहोल कॅमेरा ही काही मोठी विद्या नाही. डब्याला टाचणीएवढं भोक पाडायचं, भोकासमोरच्या बाजूला आतून फोटोचा कागद लावायचा, भोकावर पट्टी चिकटवायची. पट्टी काढायची आणि वाट बघायची. भोक आणि कागद यांच्यात जे अंतर राहतं ती फोकल लेंथ. अंतर कमी ठेवलं, तर अख्खी खोली फोटोत मावते पण वस्तू चिमुकल्या येतात. अंतर वाढवलं, तर वस्तू मोठ्या येतात, पण उजेड इतका पातळ होतो की तासन्‌तास थांबावं लागतं. भिंगांवर पोट असलेल्या माणसाला हे समजायला मुळीच वेळ लागला नाही. ठरवायला लागला.

पहिला फोटो त्यांनी बिस्किटांच्या पसरट डब्यातून काढला. त्यात दाराला अडकवलेला काकूंचा गाऊन आला, वाळत घातलेले मोजे आले, कोपऱ्यातला झाडू आला आणि या सगळ्या संसारात कुठेतरी डाळीच्या दाण्याएवढं सफरचंद आलं. दुसरा फोटो बुटांच्या खोक्यातून लांबीच्या बाजूने काढला. त्यात सफरचंद सफरचंदाएवढं आलं, पण किटलीची तोटी कागदाबाहेर गेली. काकांनी दोन्ही फोटो काकूंपुढे धरले.

"हे बरं दिसतं, की हे?"

"हे."

काकांनी फोटोंची अदलाबदल केली. "आणि आता?"

"आता ते."

"अगं, नीट बघून सांग!"

"अहो, एकात सफरचंद शोधावं लागतंय आणि एकात किटलीचं नाक कापलंय. यात बरं काय असायचंय?"

मग काकांना युक्ती सुचली, आणि ती त्यांच्या मुळावर आली. एकात एक सरकणारी दोन खोकी त्यांनी बनवली. आतलं खोकं ओढलं की अंतर वाढे, ढकललं की कमी होई. तोपर्यंत निवड दोन डब्यांतून करायची होती. आता वाटेल त्या अंतरातून करायची झाली. काका खोकं बोटभर ओढत, पुन्हा निम्मं ढकलत, पुन्हा केसभर ओढत. त्यात वरच्या भानगडी निराळ्याच. एका फोटोच्या वेळी काकूंनी सवयीने पंखा लावला आणि खोकं उडालं. एका फोटोत आईंनी कपात औषध ओतून घेतलं, कप धुतला आणि परत ठेवला, तो तोंड फिरवून. सफरचंदाचं तर वर सांगितलंच. काही म्हणता काही जमेना. आधीच माणूस धरसोड वृत्तीचा, त्यात हातात सरकतं खोकं!

दुकानातही लक्ष लागेना. एक निवृत्त हेडमास्तर डोळे तपासायला आले. काकांनी काच सरकवून विचारलं, "हे बरं, की हे?"

"दोन्ही सारखंच वाटतं," हेडमास्तर म्हणाले. "तुम्हाला बरं वाटेल ते द्या."

"मला काय विचारता?" काका जवळजवळ ओरडलेच. "मला सांगता आलं असतं, तर हे दिवस आले असते का?"

हेडमास्तर चौकट डोळ्यांवर तशीच ठेवून दाराकडे निघाले. दुकानाच्या मालकांनी गल्ल्यावरून उठून त्यांना परत बसवलं, स्वतः काच बसवून दिली आणि काकांना दोन दिवस घरी आराम करायला सांगितलं. काका घरी आले, तर टेबलावरचं सफरचंद अर्धं झालेलं. ते कुणी खाल्लं, या प्रश्नापासूनच आपण सुरुवात केली होती.

शनिवारी काकांना अन्न गोड लागलं नाही. रविवारी सकाळी ते अडगळीच्या खोलीत जुनी खोकी शोधायला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. काकूंनी डोकावून पाहिलं. काका रिकाम्या पिंपावर बसून खोलीच्या दाराकडे टक लावून बघत होते. दाराच्या वरच्या भागात एक छोटी काच होती आणि दार बरोबर जेवणाच्या टेबलासमोर उघडत होतं.

"ही खोलीच कॅमेरा करायची," काका म्हणाले. "ती काच काढून तिथे भोक पाडलेला पत्रा बसवतो. मी आत उभा राहतो. कागद हातात धरून पुढेमागे होतो, चित्र प्रत्यक्ष डोळ्यांनी बघतो आणि जिथे बरं दिसेल तिथे थांबतो. नको ते खोकं आणि नको तो अंदाज."

"म्हणजे तुम्ही कॅमेऱ्याच्या आत?"

"हो."

"आणि बाहेर कधी येणार?"

"फोटो झाल्यावर. मध्येच दार उघडलं तर उजेडाने कागद जळेल, म्हणजे काळा पडेल."

काकूंनी क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. डोळे खोल गेले होते, दाढी वाढली होती. "पाणी पिऊन घ्या," त्या म्हणाल्या, "आणि आधी जाऊन या."

दुपारची जेवणं झाल्यावर काका कॅमेऱ्यात गेले. काकूंनी टेबलावर नवीन सफरचंद ठेवलं, शेजाऱ्यांकडून मागून आणलेले दोन मोठे दिवे टेबलाच्या दोन्ही बाजूंना लावले आणि बाहेरून कडी घातली. आत काळोख झाला. हळूहळू डोळे सरावले आणि काकांनी हातातला पांढरा पुठ्ठा समोर धरला, तर पुठ्ठ्यावर टेबल उमटलेलं. उलटं, रंगीत, श्वास घेत असल्यासारखं. किटलीवर दिव्याचा थेंब चमकत होता. कपाच्या तुटक्या कानाचीसुद्धा सावली पडली होती. भिंग नाही, काच नाही, काही नाही, आणि तरी सगळं जग एका टाचणीच्या भोकातून मुकाट आत आलं होतं. काकांचे डोळे भरून आले.

मग ते एक पाऊल मागे सरकले. चित्र मोठं झालं आणि तेही सुंदर. पुढे सरकले. लहान झालं, उजळ झालं, तेही सुंदर. पुन्हा मागे. प्रत्येक जागी बरं दिसत होतं, हीच तर आपत्ती होती. "हे बरं, की हे?" काका अंधारात पुटपुटले. खुर्चीत बसलेलं कुणी नव्हतं. शेवटी मागे सरकता सरकता पाठ भिंतीला लागली, आणि आणखी मागे जाता येत नाही एवढ्याच कारणाने त्यांनी फोटोचा कागद तिथे एका फळीला टोचला. कुठे काय उमटतंय ते त्यावरही अंधूक दिसत होतं. आता संध्याकाळपर्यंत श्वास रोखून बसायचं होतं.

थोडाच वेळ गेला असेल, तोच बाहेर घंटी वाजली. कागदावर काकू छताला पाय लावून दाराकडे गेल्या आणि परत आल्या, तेव्हा त्यांच्यामागून आणखी एक माणूस डोकं खाली लोंबकळत आला. गोल टक्कल, उरलेले केस डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत ओढून बसवलेले, जाड मिशी. अध्यक्ष! काकांच्या पाचावर धारण बसली.

"ते कामात आहेत," काकूंचा आवाज आला. "संध्याकाळी फोटो आणून देतील."

"अहो वहिनी, म्हणूनच तर आलोय." अध्यक्षांची नजर अडगळीच्या दारातल्या चकचकीत पत्र्यावर गेली. "वा! नवा आरसा वाटतं?" ते पुढे आले आणि पत्र्यासमोर उभं राहून केस सारखे करू लागले. आत मिट्ट काळोख पसरला. अध्यक्ष चष्मा लावत नसत. चष्म्याने वय दिसतं असं त्यांचं मत होतं. फोटोंचं काय म्हणाल, तर कॅमेरा आपला आपण फोकस करतो, मग मी कशाला करू, असं ते उघड सांगत. समोरच्या भोकापलीकडे हातभर अंतरावर एक माणूस घाम पुसत उभा आहे, हे त्यांना समजायचं काही कारण नव्हतं.

"इकडे बसा," काकू घाईने म्हणाल्या आणि टेबलापलीकडची खुर्ची त्यांनी ओढली. "जरा जपून. या खुर्चीचा पाय हलतो. फार हालचाल करू नका, नाहीतर पडाल."

अध्यक्ष जपून बसले, अगदी किटलीच्या आणि कपाच्या मधोमध. काका आतून बघत होते. एवढ्यात जरी ते उठले, तरी कागदावर नुसता एक धूसर डाग येईल. उठा हो, काका मनातल्या मनात विनवत होते, उठा आता.

"खरं सांगू का वहिनी?" अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "त्यांना सांगा, एवढा जिवाचा आटापिटा करू नका. त्यांच्याने व्हायचं नाही. त्या जागेसाठी मी माझाच एक फोटो मढवून ठेवलाय. शेजारच्या जागेवर माझा एक आहेच, त्याला जोडी होईल. प्रत्येकाचा पिंड असतो हो. कुणी फोटो काढतं, कुणी खुर्च्या लावतं. आणि खुर्च्या लावायला मात्र त्यांच्यासारखा माणूस मिळणार नाही!"

आत काकांचा हात दाराकडे गेला. एक लाथ घातली असती तर कडी निघाली असती. बाहेर जाऊन त्या माणसाला चार शब्द सुनवावेत असं त्यांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. पण दार उघडलं की कागद जळणार, कागद जळला की जागा जाणार आणि अध्यक्षांचंच खरं होणार. नाही उघडलं, तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. उघडावं, की नाही? हे बरं, की हे? काका हात तसाच धरून उभे राहिले. काही ठरेना, आणि ठरेना म्हणून दार बंद राहिलं.

बाहेर काकू गप्प होत्या. गणिताच्या बाई गप्प झाल्या की वर्गाला कळतं. अध्यक्षांना कळलं नाही. मग कागदावर काकू सावकाश उजवीकडच्या दिव्याकडे गेल्या आणि दिव्याचं तोंड त्यांनी अध्यक्षांकडे वळवलं.

"डोळ्यांवर येतो का उजेड?"

"छे छे, ऊब बरी वाटते."

"मग असू दे. सफरचंद घ्या ना."

काकांनी भिंतीचा आधार घेतला. आपली स्वतःची, अग्नीच्या साक्षीने केलेली बायको फोटोतलं सफरचंद वाटत होती! अध्यक्षांनी दोन घास खाल्ले. तेवढ्यात पलंगावरून आईंनी विचारलं, "तुम्हाला पित्ताचा त्रास आहे का हो? मला आहे. सुरुवातीपासून सांगते."

आईंच्या पित्ताची कथा मोठी आहे आणि तिच्यात डॉक्टर बरेच येतात. दुसऱ्या डॉक्टरपाशी अध्यक्षांनी जांभई दिली. चौथ्यापाशी त्यांचं डोकं डुलू लागलं. मग भरल्या पोटाने, दिव्यांच्या उबेत, त्यांनी टेबलावर हातांची घडी घातली, तीवर गाल टेकवला आणि तोंड उघडं टाकून ते गाढ झोपले. आई बोलता बोलता थांबल्या. काकूंनी त्यांना खुणेने गप्प बसवलं आणि टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर आठवडाभराने प्रथमच पेपर तपासायला घेतले. आत काका पिंपावर बसून आपल्या फोटोचं वाटोळं होताना बघत राहिले. पाय बधिर झाले, पाठ दुखली, मन तर केव्हाच सुन्न झालं होतं.

दिवेलागणीला अध्यक्ष दचकून उठले, "जरासा डोळा लागला वाटतं," असं म्हणत मिशी पुसत निघून गेले. जाता जाता बजावून गेले, की हॉलवर ते फार वेळ थांबणार नाहीत.

काकांनी न्हाणीघरात लाल दिव्याखाली कागद धुतला, त्यावरून दुसऱ्या कागदावर फोटो छापला आणि ट्रेमध्ये हळूहळू चित्र वर आलं. डावीकडे किटली, अप्रतिम. उजवीकडे कप, अप्रतिम. आणि मध्ये, सगळ्यांत मोठं, सगळ्यांत स्वच्छ, अध्यक्षांचं डोकं. टकलावरून गेलेला केस न्‌ केस मोजून घ्यावा. उघडं तोंड. मिशीला सफरचंदाचा कण.

"संपलं सगळं," काका पाटावर बसून म्हणाले. "आईला काय सांगू? तूच तिला सांग, माझ्याने झालं नाही."

काकूंनी ओला फोटो उचलून उजेडात धरला. बराच वेळ बघितला. "स्थिरचित्राचा नियम काय आहे?"

"फोटोत न हलणारी वस्तू हवी."

"हा हलला?"

"नाही."

"मग नियमात बसतो. पंख्याखाली वाळवा आणि घेऊन जा."

काका हॉलवर पोचले तेव्हा अध्यक्ष दाराजवळ स्वतःचा फोटो काखेत धरून पाटी काढायच्याच बेतात होते. काकांनी फोटो पुढे केला. आता हा माणूस ओरडणार, चारचौघांत आपली शोभा होणार आणि नंतर आपण मंडळाचं तोंडही बघायचं नाही, असं त्यांनी वाटेतच गृहीत धरलं होतं. अध्यक्षांनी फोटो लांब धरला, जवळ आणला, तिरका केला, पुन्हा लांब धरला.

"किटली ठीक आहे," ते म्हणाले. "कपसुद्धा जमलाय. पण हा मधला भोपळा फार मोठा झाला हो."

काकांनी आधी फोटोकडे, मग अध्यक्षांच्या टकलाकडे पाहिलं. "भोपळा," ते कसेबसे म्हणाले.

"आणि थोडा नासका वाटतो. फोकल लेंथ चुकली तुमची. किती ठेवली होतीत?"

"पाठ भिंतीला लागली, तेवढी."

"तरीच! असो, पाटी छापलीच आहे, लावून टाका. शेजारी माझा आहे, लोकांना फरक तरी कळेल."

मंडळाचे चिटणीस खिळा ठोकायला आले, फोटो पाहिला आणि हातोडी खाली ठेवून खोकण्यासाठी बाहेर गेले. मग खजिनदार खोकायला गेले. ज्या ज्या सभासदाने तो फोटो पाहिला त्याला खोकला झाला, पण एकानेही तोंडातून शब्द काढला नाही. मंडळात एवढी एकी यापूर्वी कधी दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडलं आणि गर्दी दाराजवळच अडली. आत बाकीचे फोटो ताटकळत राहिले. काकूंनी आईंना हात धरून आणलं. आईंनी आधी पाटीवरच्या मुलाच्या नावावरून बोट फिरवलं, मग मान वर करून फोटो पाहिला. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना फार स्वच्छ दिसत असे. "अगंबाई, हा तर आपल्याकडे..." त्यांनी मोठ्याने सुरुवात केली. काकूंनी हात दाबला. "...आपल्याकडे होता तोच कप!" आई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. हसून की रडून, ते काकांना कळलं नाही. त्यांचे स्वतःचेच डोळे कामातून गेले होते.

पण काकांच्या नशिबात धड आनंद नव्हता. तो दिवस तेवढा बरा गेला. पुढच्या दिवशी ते दुकानात गेले आणि दुपारी काचेचं दार ढकलून अध्यक्ष आत आले.

"नंबरकाका, मला काही समजत नाही," अध्यक्ष खुर्चीत बसत म्हणाले. "लोक तुमच्या भोपळ्यापुढे उभे राहून हसतात. आणि मग वळून माझ्याकडे बघतात. मी कालपासून चार वेळा तो फोटो पाहिला, मला त्यात हसण्यासारखं काहीच दिसत नाही. जरा डोळे तपासा बरं. कुणाला सांगू नका."

काकांनी चौकट चढवली. एक काच घातली, मग दुसरी. "हे बरं, की हे?"

"दुसरी."

"आता?"

"अरे! ही तर... नंबरकाका, भिंतीवरची सगळ्यांत खालची ओळ दिसतेय! तुमच्या नाकावरचा तीळसुद्धा दिसतोय!" अध्यक्ष हरखून उभे राहिले. "थांबा, असाच हॉलवर जाऊन येतो. फोटो बघतो आणि चौकट आणून देतो."

"ही दुकानाबाहेर नेता येत नाही," काकांनी चौकट त्यांच्या डोळ्यांवरून उतरवून घेतली.

"बरं, मग चष्मा कधी देता? आज संध्याकाळी?"

चुकीचा नंबर काकांनी आजवर कुणाला दिला नव्हता आणि आजही देणार नव्हते. नंबर त्यांनी चिठ्ठीवर अगदी बरोबर लिहिला. पण प्रदर्शन रविवारपर्यंत होतं. आईंना शेजारच्या बायकांना घेऊन अजून दोनदा जायचं होतं. आणि दाराजवळच्या त्या भिंतीवर, इतक्या वर्षांनी, एक पाटी होती.

"सोमवारी," काका म्हणाले. "पुढच्या."

गल्ल्यावरून मालकांनी मान वर केली. "काका, अहो या नंबरची काच आपल्याकडे आत्ता आहे. दोन प्रकारच्या आहेत. कुठली बरी, ते सांगा, तासाभरात बसवून देतो."

नंबरकाकांनी मालकांकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे पाहिलं.

"दोन्ही बऱ्या नाहीत," ते ठामपणे म्हणाले आणि चिठ्ठी घडी करून खिशात टाकली.